फर्निचर करवून घेताना : लाकडाचं माप आणि सुताराची मजुरी



उसाची बिलं जमा होऊ लागली की मारुंजी-हिंजवडी भागात दोन कामं हटकून निघतात, घराचं बांधकाम आणि लग्न. दोन्हींत पलंग, कपाट, देवघर आलंच. वजनकाट्याची पावती दोनदा वाचणारा आपला सभासद लाकडाचं माप मात्र डोळे मिटून मान्य करतो, असं आम्ही पुष्कळदा पाहतो. म्हणून या अंकात तो हिशोब मांडत आहोत.

पूर्वी गावचा सुतार बलुतेदार होता. लाकूड कुणब्याचं, मेहनत त्याची. औत, कुळव, पाभर करून द्यायची आणि सुगीत खळ्यावर बलुतं न्यायचं. लाकूड आपलं, मजुरी त्याची ही वाटणी आजही सर्वांत चांगली आहे. लाकूड आणि मजुरी मिळून एकच ठोक आकडा ठरवला, की कुठल्या लाकडाचे किती पैसे गेले ते कधीच कळत नाही.

लाकडाचा भाव घनफुटावर असतो. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात घ्यावी, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागावं. साडेसहा बाय पाच फुटी पलंग धरू. तीन बाय तीन इंचाचे दीड फुटी चार पाय म्हणजे एकूण सहा फूट. ९ गुणिले ६ भागिले १४४, म्हणजे ०.३८ घनफूट. सहा इंच रुंद, दीड इंच जाड पट्ट्यांचे चार बाजूंचे कठडे एकूण २३ फूट, ते १.४४ घनफूट. सांगाडा झाला सुमारे १.८ घनफुटांचा. डोक्याकडची फळी, आतल्या आडव्या पट्ट्या आणि घट वेगळी धरावी. पण कोणी एकदम आठ घनफूट सांगितलं, तर कागद-पेन्सिल पुढे करून कुठे किती लागतं ते विचारावं. चांगला सुतार रागावत नाही, उलट खूष होतो.

आणखी एक. रंधा मारल्यावर दीड इंची फळी सव्वा इंचावर येते. ठरलेलं माप कच्चं की तयार, हे चिठ्ठीत लिहून घ्यावं. निम्मी भांडणं इथेच होतात.

बांधावरचा साग विकणाऱ्यांनी गोल ओंडक्याचं मापही समजून घ्यावं. व्यापारी घेराचा चौथा हिस्सा धरून त्याचा वर्ग करतो. ४८ इंच घेर, दहा फूट लांबी असली तर या रीतीने दहा घनफूट भरतात. प्रत्यक्षात लाकूड पावणेतेराच्या आसपास असतं. ही रीत जुनी आहे, फसवणूक नव्हे. पण भाव ठरवताना ध्यानात असू द्यावी. आणि साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. झाड आपलं, बांध आपला, तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नये.

आमच्या मते आपल्या भागातला खरा ठेवा मात्र जुन्या घरांत आहे. वाडे पाडून इमारती उठताहेत आणि तुळया, खांब, चौकटी भंगाराच्या भावाने जाताहेत. पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेला साग पैसे मोजूनही सहज मिळत नाही. तो आता फारसा हलत नाही, तडकत नाही. खिळे काढून, वाळवी तपासून सॉ मिलवर न्यावा. एक खिळा राहिला तरी करवतीचं पातं जातं.

नवं लाकूड घ्यायचं तर गाभा पाहावा. सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी, तेलकट. कडेचा पांढरा भाग किडीला बळी पडतो. बाजारात ‘सीपी’ म्हणतात तो जुन्या मध्य प्रांताचा, चंद्रपूरकडचा साग. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून लाकूड गेलं, ते याच जंगलांतलं. नाव सगळेच सांगतात, म्हणून बिलावर लिहून घ्यावं. ताजं कापलेलं लाकूड सावलीत, मधे पट्ट्या घालून रचावं. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष लागतं. ओल्या लाकडाचं कपाट पावसाळ्यात गच्च बसतं आणि चैत्रात त्याच्या सांध्यांतून बोट जातं.

प्लायवूडचं थोडक्यात : आयएसआय छाप पाहावी, स्वयंपाकघराला पाण्यात टिकणारंच घ्यावं, आणि फळीला दोन्ही बाजूंनी सनमायका किंवा पातळ आवरण लावून घ्यावं. एकाच बाजूला लावली की दार वाकतं.

पैसे टप्प्याने द्यावेत : थोडी उचल, सांगाडा उभा राहिल्यावर काही, पॉलिशच्या आधी काही, उरलेले घरात बसवून झाल्यावर. पण मग ते त्याच दिवशी द्यावेत. ऊस घातल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळावेत असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे आणि उशीर झाला की आपण सभेत उठून बोलतो. सुताराला तसा आदेश नाही, सभाही नाही.

पॉलिश भर पावसात करू नये, दमट हवेत ते पांढुरकं पडतं. लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं असेल तर लाकूड उन्हाळ्यातच घ्यावं. पलंगाआधी गादीचं माप नक्की करावं. आणि जिन्याचं वळण जरूर मोजावं. वरच्या मजल्यावरचं कपाट दोन भागांत करून वर नेल्यावरच जोडायला सांगावं.