बेण्याची साखळी

आपल्या रानातली को. ८६०३२ जात कोणा एकट्या कारखान्याने काढलेली नाही. कोईमतूरच्या हवेत उसाचा तुरा बी धरतो, म्हणून संकर तिथल्या ऊस पैदास संस्थेत (स्थापना १९१२) झाला. आपल्या जमिनीत पारख पाडेगावच्या संशोधन केंद्राने केली. १९७५ साली सहकारी कारखान्यांच्या सभासदांनी मांजरीला स्वतःची संस्था उभारली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. तिथले मूलभूत बेणे कारखान्याच्या मळ्यात पायाभूत होते, मग सभासदाकडे प्रमाणित.

कडी निसटते ती इथेच. शेजारच्या खोडव्याची टिपरी फुकट मिळते म्हणून आपण लावतो; सोबत काणी, गवताळ वाढही येते. हे फुकट महागात पडते, मंडळी! तीन वर्षांनी बेणे बदलावे. आडसालीसाठी हवे असल्यास गटाच्या शेती मदतनिसाकडे आधीच मागणी नोंदवावी.