धुळीचे स्नान

वैशाखातील दुपार आहे. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील एखाद्या वस्तीवर माणसे ओसरीत विसावली आहेत, बैल गोठ्यात रवंथ करीत आहेत. अशा वेळी परसातल्या चिंचेखाली एक गावठी कोंबडी जमीन उकरू लागते. आधी ती चोचीने ढेकळे फोडते, मग पायांनी माती मागे उडविते आणि उथळसा खळगा तयार झाला म्हणजे त्यात अंग सैल सोडून बसते. पंखांनी धूळ उचलून ती पाठीवर घेते, पिसे फुलवून ती धूळ कातडीपर्यंत जाऊ देते, कुशीवर कलंडते, मान जमिनीवर घासते आणि मधूनच एक पाय ताणून निपचित पडते. प्रथमच पाहणाऱ्यास वाटावे, कोंबडी आता मरणपंथास लागली! परंतु अर्ध्या तासाने ती उठते, अंग असे काही झाडते की क्षणभर धुळीच्या ढगात दिसेनाशी होते, आणि काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा दाणे टिपू लागते.

कोंबडीचे हे स्नान होय. आपण धूळ लागली म्हणून न्हातो. कोंबडी धूळ लावून न्हाते! यात विचित्र वाटण्यासारखे काही नाही. तिच्या शेपटीच्या मुळाशी एक लहानशी तैलग्रंथी असते. तिच्यातील तेल चोचीने घेऊन ती पिसांना चोपडते. त्या तेलाने पिसे मऊ व चिवट राहतात. पण काही काळाने ते तेल शिळे होते, चिकट बनते आणि पिसे एकमेकांस धरून बसतात. कोरडी धूळ हे शिळे तेल शोषून घेते. अंग झाडताना ती धूळ तेलासकट बाहेर पडते आणि पिसे पुन्हा मोकळी होतात. शिवाय पिसांच्या बुडाशी दडून बसलेल्या उवाही या घासण्याझाडण्याने हुसकल्या जातात. पूर्वी घरोघरी तेलकट भांडी राखेने घासीत, त्यातलीच ही युक्ती. फक्त ती कोंबडीला कोणी शिकवावी लागत नाही. अंड्यातून निघून आठवडा झाला नाही तोच पिले धुळीत लोळण्याचा सराव करू लागतात.

धुळीत न्हाणारे आणखीही पुष्कळ आहेत. चिमणी आहे, तित्तर आहे, माळावरचा चंडोल आहे. चिमण्या धुळीत न्हाऊ लागल्या की पाऊस येतो, असे आपल्याकडील जुनी माणसे म्हणतात. चिमण्या तशा कोरड्या दिवसांत केव्हाही धुळीत न्हातात. पण ज्येष्ठाच्या आरंभी सारा मुलूख धुळीने भरलेला असतो आणि पाऊसही दाराशी आलेला असतो, तेव्हा दोहोंची गाठ सहज पडते. गाढवाचे व घोड्याचे लोळणे तर सर्वांनी पाहिलेले असते.

परंतु धूलिस्नानात सर्वांवर ताण करणारा प्राणी राहतो तो आपल्यापासून फार दूर, दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावर. त्याचे नाव चिंचिला. हा खारीहून मोठा, वाटोळ्या कानांचा, करड्या रंगाचा एक कुरतडणारा प्राणी आहे. आपल्या कातडीच्या एका छिद्रातून सामान्यतः एकदोन केस उगवतात. त्याच्या एका छिद्रातून पन्नासांहून अधिक! इतक्या दाट लोकरीत पाणी शिरले तर ते लवकर वाळत नाही आणि ओलाव्याने कातडीस बुरशी धरते. म्हणून हा प्राणी ज्वालामुखीच्या बारीक राखेत लोळून अंग स्वच्छ ठेवतो. याच लोकरीपायी माणसाने त्याची एवढी शिकार केली की विसाव्या शतकाच्या आरंभी तो नामशेष होण्याच्या काठावर आला. १९२३ साली मॅथायस चॅपमन नावाच्या खाणीवरील एका अधिकाऱ्याने ११ चिंचिला चिलीतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नेले. तेथून त्यांची पैदास वाढली आणि पुढे लोक त्यांना घरी पाळू लागले. थंड, कोरड्या हवेच्या या जीवास उष्मा मुळीच सोसत नाही. जुन्नरच्या चैत्रात त्याला आणून ठेवणे म्हणजे त्याचे हाल करणे होय.

राखेवरून एक नवलाची गोष्ट सांगितली पाहिजे. ज्वालामुखीची राख पाहण्यास अँडीजपर्यंत जावयास नको. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. तेथील नदीकाठच्या थरांत करडी-पांढरी, पिठासारखी बारीक राख सापडते. ती आहे सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची! तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर वाऱ्यावर तरंगत येऊन ती येथे पडली. टोबाचे स्फोट अनेक वेळा झाले. त्यांपैकी बोरीची राख कोणत्या स्फोटातली, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. कोणी ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची मानतात, तर कोणी कित्येक लाख वर्षांपूर्वीची. त्याच थरांच्या आसपास आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली आहेत. बोरीच्या कोंबड्यांना अर्थातच या वादाचे सोयरसुतक नाही. कोरडी आणि बारीक असली म्हणजे त्यांना कोणतीही माती चालते.

आता प्रश्न असा की, असे स्नान किती वेळा व्हावे? पाळलेल्या चिंचिलाला आठवड्यातून दोनतीन वेळा, प्रत्येक वेळी दहापंधरा मिनिटे राखेचे भांडे देतात व नंतर काढून घेतात. भांडे सदैव आत राहिले तर तो त्यातच घाण करतो, आणि अति स्नानाने त्याची कातडी कोरडी पडते. हवा दमट असेल तेव्हा मात्र स्नान अधिक वेळा द्यावे लागते. कोंबडीचे तसे नाही. तिला मोकळीक असली तर ती आपला नेम आपणच ठरविते. अभ्यासकांनी पाहिले आहे की, ती सरासरी एक दिवसाआड न्हाते, बहुधा दुपारच्या सुमारास, आणि सुमारे अर्धा तास. काही दिवस तिला मातीच मिळू दिली नाही, तर पुढे माती मिळताच ती लगबगीने न्हावयास लागते आणि नेहमीपेक्षा अधिक वेळ न्हाते. जणू मागची बाकी फेडते! तारेच्या पिंजऱ्यात जन्म काढणारी कोंबडी तर उघड्या तारेवरच बसून, नसलेली धूळ अंगावर घेण्याचे सारे हावभाव करते. ते दृश्य पाहवत नाही. युरोपीय संघाने १९९९ साली केलेल्या नियमानुसार तेथे २०१२ पासून असे उघडेबोडके पिंजरे बंद झाले, आणि ज्या सुधारलेल्या पिंजऱ्यांना मुभा राहिली त्यांत उकरण्याजोगे काही पसरणे आवश्यक ठरले.

मंचर, नारायणगाव, आळे या पूर्वेकडच्या भागात धुळीस तोटा नाही. पश्चिमेस मात्र निराळी स्थिती असते. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या डोंगरपट्ट्यात जून लागला की पावसाची झड सुरू होते. परसाचा चिखल होतो, झाडाखालचे खळगे पाण्याने भरतात, आणि भाद्रपदापर्यंत कोंबडीला कोरडी चिमूटभर माती दिसत नाही. हवा दमट, पिसे चिकट, खुराडे कोंदट. उवांना याहून काय हवे? कोंबडी रात्रभर अंग टोचीत बसते, वाळत जाते आणि अंडी घालणे कमी करते. पूर्वेकडेही आता एक अडचण उभी राहिली आहे. कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबटे राहू लागले. त्यांच्या धास्तीने कित्येक घरी कोंबड्या जाळीबंद खुराड्यांतच अधिक काळ राहतात. बिबट्यापासून त्यांचा जीव वाचतो हे खरे, पण जमीन त्यांच्या पायांखालून जाते.

सर्वांत ओढगस्त होते ती खुडूक कोंबडीची. २१ दिवस ती अंड्यांवर बसते. दिवसातून एखाद्या वेळी, तेही थोडाच वेळ, ती दाणापाण्यासाठी उठते आणि तेवढ्यात जमल्यास धुळीत अंग घोळून येते. बाहेर चिखल असला तर तशीच परतते. मग तिच्या अंगच्या उवा डालग्यात पसरतात, तिला अंड्यांवर स्थिर बसवत नाही, ती वारंवार उठते, अंडी गार पडतात आणि आतली पिले आतच मरतात.

यावर उपाय घरातच असतो. पाऊस लागण्यापूर्वी शेतातली भुसभुशीत माती चाळून पोत्यात भरून ठेवावी. एखादे जुने, पसरट घमेले पडवीच्या कोपऱ्यात, वळचणीचे पाणी उडणार नाही असे मांडावे आणि त्यात वीतभर माती ओतावी. चुलीतली लाकडाची किंवा गोवऱ्यांची थंड राख चाळून तिच्यात मिसळावी. पण मातीपेक्षा राख कमीच असावी, कारण ओली झालेली राख कातडीस झोंबते. प्लॅस्टिक जाळलेल्या चुलीची राख मुळीच घेऊ नये. घमेल्यात विष्ठा पडली की वरची माती काढून नवी घालावी. पिण्याच्या पाण्याजवळ ते ठेवू नये, आणि आपणही त्या धुळीत तोंड घालून पाहत बसू नये. बारीक धूळ माणसाच्या छातीस बाधते. खुराड्यातल्या कोंबड्यांसाठी हेच घमेले आत ठेवता येते.

पहिल्या दिवशी कोंबड्या घमेल्याकडे मान वाकडी करून संशयाने पाहतात. एखादी धीट कोंबडी काठावर चढते, एकदोनदा चोच मारते, उतरून जाते. मग केव्हातरी, बाहेर श्रावणसर कोसळत असता, पडवीतून फडफड ऐकू येते. पाहावे तो घमेल्यात दोन कोंबड्या एकमेकींस रेटून बसलेल्या असतात, तिसरी काठावर आपल्या पाळीची वाट पाहत उभी असते, आणि नुकतीच सारवलेली पडवी धुळीने भरून गेलेली असते.