जंताची गोळी आणि गावातलं मेडिकल

परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या परिसरात जंताची गोळी मुलांपर्यंत पोहोचते ती शाळा आणि अंगणवाडीतून. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल मोफत मिळतं. व्यवस्था चांगलीच आहे. पण फेब्रुवारीत मराठवाड्यातली कितीतरी ऊसतोड कुटुंबं फडावर असतात, मुलंही तिथल्या कोपीवर, म्हणजे झोपडीत. हजेरीवर चालणाऱ्या मोहिमेतून हीच मुलं निसटतात, आणि उघड्यावरचं शौच, अनवाणी पाय यांमुळे हुकवर्मचा धोकाही त्यांनाच जास्त. गावी परतल्यावर पोटदुखीसाठी आई बहुधा आधी मेडिकल गाठते. म्हणून औषधविक्रेत्याला या मोहिमेत सामील करून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. गोळी खपवायला नव्हे, चौकशी करायला आणि गोळी हुकलेल्या मुलाला मोफत सरकारी गोळीकडे पाठवायला. सहा महिन्यांत गोळी मिळाली का, मूल किती वर्षांचं, आज आजारी आहे का, फिटची औषधं चालू आहेत का? एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्यापुढे पूर्ण ४००. लहानग्यांना ती चुरून पाण्यातून द्यायची, कारण अख्खी गोळी घशात अडकू शकते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारख्या फिटच्या औषधांनी अल्बेंडाझोलचा असर घटतो. मेंदूत फीतकृमीची गाठ असेल तर याच गोळीनंतर झटका येऊ शकतो. अशा मुलाला डॉक्टरकडेच पाठवलं पाहिजे.

दुकानदार फुकटच्या सरकारी गोळीकडे गिऱ्हाईक कशाला पाठवेल, ही शंका रास्त आहे. पण जंताच्या एका गोळीवरचा नफा किरकोळ असतो, गावाचा विश्वास वर्षानुवर्षं कामी येतो. अडचण वेगळीच आहे: १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच दिलं पाहिजे; तो काउंटरवर नसेल तर हे प्रश्न विचारणार कोण? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांत सरसकट गोळ्या वाटल्याने मुलांचं सरासरी वजन किंवा हिमोग्लोबिन फारसं वाढलेलं दिसलं नाही. हे मान्य करायलाच हवं. मात्र त्या सरासरीत जंत नसलेली मुलंही असतात. ज्याच्या आतड्याला हुकवर्म चिकटून रक्त शोषतात, त्याला उपचार लागतोच. म्हणून ही गोळी भूक वाढवणारं टॉनिक म्हणून कुणी देऊ नये, आणि फिकट दिसणाऱ्या मुलाला नुसती गोळी देऊन घरी धाडू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. शिवाय गोळी पोटातले जंत मारते, मातीतली अंडी नाही. शौचालय, चप्पल आणि साबणाला पर्याय नाही.

पालकांनो, गोळी दिल्याची तारीख मुलाच्या लसीकरण कार्डावर लिहून ठेवा, आणि मेडिकलमध्ये जाताना ते कार्ड सोबत न्या.