लिंबाचा रस व गाजर : तुलनेचा एक पाठ

क जीवनसत्त्व लिंबाच्या रसात अधिक की गाजरात, हा प्रश्न शिक्षकांनी प्रथम वर्गास विचारावा. बहुतेक मुले लिंबाचे नाव घेतील, व समान वजनास ते खरेही आहे. १०० ग्रॅम रसात ते सुमारे ३९ मिलिग्रॅम असते, तर तितक्याच कच्च्या गाजरात सुमारे ६.

आता हाच हिशेब पानात पडणाऱ्या प्रमाणाने करवून घ्यावा. कोशिंबिरीतील ५० ग्रॅम गाजरापासून ३ मिलिग्रॅम मिळतात. तीवर पिळलेल्या चहाच्या चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, रसापासून जेमतेम २. केवळ तक्ता पाहून निर्णय करू नये, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल.

शिवाय दोहोंचे कार्य निराळे आहे. गाजरातील केशरी रंगद्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनविते. ते दीर्घकाळ अपुरे पडल्यास रातांधळेपणा येतो. लिंबाच्या रसात हे द्रव्य नाममात्र असते. उलट, त्यातील क जीवनसत्त्व भाकरी व कडधान्ये यांतील लोह अंगी लागण्यास साहाय्य करते. कोरेगाव तालुका वाघ्या घेवड्याकरिता प्रसिद्ध आहे. तेव्हा घेवड्याच्या उसळीचे उदाहरण येथील मुलांस सहज पटेल.

पालकसभेत तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात :

१. गाजराच्या कोशिंबिरीस तेलाची फोडणी द्यावी. स्निग्धांशाबरोबर रंगद्रव्य अधिक शोषले जाते.

२. उसळ विस्तवावरून उतरल्यावरच लिंबू पिळावे; उष्णतेने क जीवनसत्त्व नाश पावते.

३. लिंबू महाग असता आवळा अथवा पेरू द्यावा. या जीवनसत्त्वात ती दोन्ही फळे लिंबाहून सरस आहेत.