कोड न लिहिता अ‍ॅप : स्टोअरवाल्याला जमेल का?

प्रश्न : देवासच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. सुट्या भागांची आवक-जावक एक्सेलमध्ये लिहितो. पण त्या फाईलच्या प्रती पर्चेसकडे, मेंटेनन्सकडे, सगळीकडे फिरतात आणि प्रत्येकात शिल्लक वेगळी दिसते. कोड न लिहिता स्वतःचं वेब-अ‍ॅप बनवता येतं, असं हल्ली ऐकतो. मी बी. कॉम. झालेला माणूस. हे खरंच जमतं, की नुसती जाहिरात आहे?
– एक वाचक, देवास

उत्तर : जमतं. जाहिरातीत म्हणतात तसं तासाभरात नाही, पण जमतं.

ही हौस नवी नाही. १९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’ आलं आणि हिशेबनीसाला संगणक विभागापुढे हात जोडायची गरज उरली नाही. तुमचं एक्सेल त्याच घराण्यातलं. वेबवर हे काम करणारं चेन्नईच्या झोहोचं ‘क्रिएटर’ २००६ पासून आहे. ‘अ‍ॅपशीट’ गूगलने २०२० मध्ये विकत घेतलं. मायक्रोसॉफ्टचं ‘पॉवर अ‍ॅप्स’ही आहे. आता तर एआयला साध्या भाषेत सांगितलं की तो कोडच लिहून देतो. साधन कुठलंही घ्या, आत असतं तेच : माहितीचे तक्ते, ती भरायचे फॉर्म, आणि ‘असं झालं तर तसं कर’ असे नियम.

अवघड काम वेगळंच आहे आणि ते तुमच्याइतकं कुणाला येणार नाही. ६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या. कुणी नुसतं ‘६२०५’ लिहितो, कुणी ‘बेअरिंग ६२०५’, कुणी ‘६२०५ झेडझेड’. बाहेरचा प्रोग्रॅमर तिन्ही एकच समजेल. पहिली दोन नावं एकाच वस्तूची, पण झेडझेडला दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं असतात, हे तुम्हाला झोपेतही ठाऊक. म्हणून संगणकाला हात लावण्याआधी वस्तूंची यादी साफ करा : एक वस्तू, एक कोड, एक नाव. फॉर्ममध्ये नाव टाइप करू देऊ नका, यादीतूनच निवडायला लावा. माझ्या मते निम्मं अ‍ॅप इथेच तयार होतं आणि बहुतेक जण नेमकं हेच टाळतात.

दुसरं, शिल्लक कधीही हाताने लिहू नका. एक्सेलमध्ये आपण १२ खोडून ९ करतो. तीन नग कुणी नेले, कधी नेले, याचा मागमूस उरत नाही. अ‍ॅपमध्ये प्रत्येक आवक आणि प्रत्येक इश्यू ही स्वतंत्र ओळ ठेवा. शिल्लक म्हणजे त्या ओळींची वजाबेरीज, ती यंत्राला करू द्या. चूक झाली तर ओळ पुसायची नाही, उलटी नोंद करायची. बी. कॉम.वाल्याला हे सांगायला नको. प्रोग्रॅमरला मात्र अनेकदा सांगावं लागतं.

प्रतींचा घोळ तर देवासकराला समजावायला नकोच. १९४८ पर्यंत एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थानं नांदली. राजा वेगळा, दरबार वेगळा, कारभार वेगळा. संस्थानांना ते निभावलं, स्टॉक रजिस्टरला निभावत नाही. वेब-अ‍ॅपचा खरा फायदा हाच की नोंद एकाच जागी राहते आणि सगळे तीच पाहतात. एक्सेलवर फार भिस्त ठेवली की काय होतं, ते इंग्लंडने २०२० च्या कोविडकाळात पाहिलं : जुन्या पद्धतीच्या फाईलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, आणि जवळपास १६ हजार बाधितांची नावं रोजच्या मोजणीतून गळाली.

आता धोके. ‘कॉगहेड’ नावाची अशीच सेवा २००९ मध्ये बंद पडली. ग्राहकांना आपली माहिती काढून नेता आली, पण बांधलेली अ‍ॅप दुसरीकडे चालेनात. तेव्हा पहिल्याच दिवशी सगळे तक्ते सीएसव्ही फाईलमध्ये बाहेर काढून बघा आणि पुढे दर आठवड्याला काढा. खातं स्वतःच्या खासगी ई-मेलवर उघडू नका. उद्या तुम्ही नोकरी सोडलीत तर स्टोअरला कुलूप आणि किल्ली तुमच्या खिशात. आयटीवाल्यांना आधी सांगा, कपाळाला आठ्या पडल्या तरी सांगा. कामगारांचे आधार क्रमांक, पगार असलं काही यात भरू नका. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी हलकी राहिलेली नाही. एआयकडून कोड लिहून घेतलात तर लॉगिन आणि परवानग्यांचा भाग जाणकाराकडून तपासून घ्या. चालणारं अ‍ॅप सुरक्षित असतंच असं नाही.

प्रश्न : आम्ही बाघ प्रिंटच्या कापडाच्या ऑर्डरी घेतो. गिऱ्हाईक रोज विचारतं, ‘माल कुठवर आला?’ यासाठी अ‍ॅप करावं का?
– एक वाचक, धार

उत्तर : करा, पण एका ऑर्डरीला एक ओळ देऊ नका, इथेच फसायला होतं. एकाच ऑर्डरीचं काही कापड हिरड्यात बुडवून वाळत असतं, काहीवर तुरटीचे आणि लोखंडाचे ठसे पडलेले असतात, काही धावडीच्या फुलांबरोबर भट्टीत उकळत असतं. म्हणून ऑर्डरींचा तक्ता वेगळा आणि थानांचा वेगळा. प्रत्येक थानाला आपला नंबर, आणि तो कुठल्या ऑर्डरीचा हे शेजारच्या रकान्यात. टप्पे कारागिरांच्याच तोंडच्या शब्दांत लिहा आणि पाच-सहाच ठेवा. नेट नसतानाही नोंद घेऊन नंतर पाठवणारं साधन निवडा. अ‍ॅपशीटमध्ये ती सोय आहे.

आणि महिन्याला पाच-सात ऑर्डरीच असतील तर अ‍ॅपच्या भानगडीत पडू नका, भिंतीवरचा फळा पुरे.