कापलेल्या फोटोची पांढरी कड

प्रश्न : आमचा पनवेलला फोटो स्टुडिओ आहे. जोडप्यांचे फोटो कापून मागे कर्नाळ्याचा सुळका लावतो. पण माणसं चिकटवल्यासारखी दिसतात, कडेला पांढरी रेघ राहते. फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा, वाढवला तर कड धुरकट होते. काय करावे?

उत्तर : ती पांढरी रेघ म्हणजे जुन्या पार्श्वभूमीचा उरलेला रंग. कडेच्या पिक्सेलमध्ये माणूस आणि मागची भिंत, दोन्ही मिसळलेले असतात. फेदर ती रेघ काढत नाही, नुसती पसरवतो. म्हणून फोटोशॉपमध्ये आधी सिलेक्ट, मॉडिफाय, कॉन्ट्रॅक्ट असे जाऊन निवड 1-2 पिक्सेल आत घ्या. मग शिफ्ट-एफ6 दाबून अर्धा ते एक पिक्सेल फेदर द्या.

फेदरचा आकडा फोटोच्या आकाराशी बांधलेला असतो. 800 पिक्सेल रुंदीच्या फोटोत 5 पिक्सेल फेदर म्हणजे धुके. 6000 पिक्सेलच्या फोटोत तो जेमतेम जाणवतो. त्यामुळे दुसऱ्याने सांगितलेला आकडा, माझासुद्धा, डोळे मिटून वापरू नका.

केसांना फेदर लावूच नका. तिथे ‘सिलेक्ट अँड मास्क’मधला रिफाइन एज ब्रश हवा. शालूची जर किंवा शेरवानीची कड मात्र जवळजवळ धारदारच शोभते.

शेवटचे, आणि सर्वांत महत्त्वाचे : नको असलेला भाग कापून टाकू नका, लेयर मास्क लावून तो झाका. मास्कचा फेदर प्रॉपर्टीज पॅनेलमधून नंतरही कमी-जास्त करता येतो. गिंप या सॉफ्टवेअरमध्येही फेदर आणि लेयर मास्क आहेत, आणि ते मोफत मिळते.