परळभर पाणी

तेर, जि. धाराशिव
चैत्र महिना

चि. छकुलीस,


परवा फोनवर तू इतक्या आनंदात होतीस की मला मधे बोलवेना. मार्केट यार्डात आडतीच्या मागं पोत्यांच्या थप्पीत सापडलेलं पिल्लू, त्याची आई गाडीखाली गेलेली, तू त्याला ओढणीत गुंडाळून घरी आणलंस आणि रंग बघून जावईबापूंनी नाव ठेवलं पेढा. अगदी कुंथलगिरीच्या पेढ्यासारखा खरपूस रंग आहे म्हणालीस. नाव मला फार आवडलं. पण फोन ठेवताना तू विचारलंस, "आत्या, मांजराला असं काय लागतं गं? दूध-पोळी कुस्करून दिली की झालं ना?" तेव्हापासून जिवाला चैन नाही. फोनवरचं बोलणं या कानानं आत जातं आणि त्या कानानं बाहेर, म्हणून लिहून पाठवतेय. कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेव.

आधी आपल्या भुऱ्या बोक्याचं सांगते. तुला तो आठवत असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू यायचीस तेव्हा माळवदावर तुझ्या पायथ्याशी झोपायचा. तो कसा गेला हे मी तुम्हा मुलांना कधी सांगितलं नाही.

चार वर्षांचा होता, अंगानं भरलेला. मे महिना होता. संध्याकाळी भांडी घासताना मला दिसलं की तो परसातल्या राखेत जाऊन बसला, उठला, उकरलं, पुन्हा बसला. असं चार-पाच वेळा. मी जाऊन बघितलं तर राखेवर दोनच थेंब, एकाला गुलाबी झाक. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. चमचाभर एरंडेल पाजलं. रात्रभर तो मागच्या पायांमधे चाटत बसला. सकाळी पोटाखाली हात घातला तर आत मोसंबीएवढा टणक गोळा लागला आणि तो असा ओरडला की मी हात काढून घेतला. तरी मी थांबले. लग्नसराई होती, घरात पाहुणे होते. दुपारनंतर तो ओकायला लागला, कान गार पडले. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या एसटीनं टोपलीत घालून धाराशिवला निघाले. टोपलीवर माझा हात होता. गाव यायच्या आधीच हाताखालची धाप थांबली.

तरीही मी टोपली घेऊन डॉक्टरांकडं गेले, कारण मला कळायला हवं होतं. त्यांनी सांगितलं की बोक्याची लघवीची नळी फार बारीक असते. लघवीत खडे किंवा चिकट गाळ साठला की ती बुजते. पाणी आतल्या आत तुंबतं, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. आदल्या दिवशी आणला असता तर नळी घालून वाट मोकळी करता आली असती. मला जे बद्धकोष्ठ वाटलं ते मरण होतं.

तुझा पेढा नर आहे, म्हणून हे सगळं आधी सांगितलं. तो शी-शूच्या पाटीत पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि खाली काही पडत नाही असं दिसलं, तर रात्र असो की घरी कार्य असो, त्याच घडीला उचलायचं. घरचा कुठलाही उपाय करायचा नाही.

छकुली, मांजर दुखणं सांगत नाही. कुत्रं केकाटतं, शेळी बेंबाटते, गाय वैरण टाकते. मांजर गुपचूप पलंगाखाली जाऊन बसतं. ते स्वतः शिकारी असलं तरी इतकं लहान आहे की रानात दुसऱ्या कुणाची शिकारही होतं, आणि तिथं दुखणं दाखवणारा आधी मरतो. ती सवय घरात आली तरी सुटलेली नाही. म्हणून मांजर सांभाळणं म्हणजे मुख्यतः बघणं. आज किती खाल्लं, किती प्याला, पाटीत लघवीचे गोळे किती झाले, रोज उडी मारून कट्ट्यावर यायचा तो आज खालीच का बसला, हे बघायचं. रोज सकाळी त्याला मांडीवर घेऊन डोळे, कान आणि हिरड्या बघ. हिरड्या गुलाबी हव्यात. झोपेत छाती मिनिटाला वीस-तीस वेळा हलते. चाळीसच्या वर जायला लागली तर डॉक्टरांना विचार. मोठं मांजर एक दिवस जेवलं नाही तरी दुर्लक्ष करायचं नाही. विशेषतः लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात उतरून यकृतच निकामी होतं. आणि पेढ्यासारख्या पिल्लाला तर एवढाही अवधी नसतो.

आता पाण्याचं. आपल्या घरातल्या मांजरांचे पूर्वज आफ्रिकेच्या उत्तरेकडचे आणि पश्चिम आशियातले, कोरड्या मुलखातले. माणसानं धान्य साठवलं, धान्यामागं उंदीर आले, उंदरांमागं ते आले. भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलंय. त्या रानमांजरांना पाणी मिळायचं ते उंदराच्या अंगातून. म्हणून मांजराला तहान कमी लागते. त्यात नुसतं कोरडं खाणं, त्यावर आपल्याकडचा बेचाळीस अंशांचा उन्हाळा. भुऱ्याला मी पाकिटातले दाणे घालायचे आणि त्याच्याच शेजारी स्टीलच्या वाटीत कालचंच पाणी असायचं. ते तो हुंगून सोडून द्यायचा आणि मला ते दिसायचं. दिसत असूनही मी बघितलं नाही.

तू असं कर. पाणी जेवणाच्या जागेपासून लांब ठेव. बऱ्याच मांजरांना खाण्याशेजारचं पाणी नको असतं. एका ठिकाणी नको, तीन ठिकाणी ठेव. भांडं पसरट हवं, मिशा कडेला घासलेल्या काही मांजरांना आवडत नाहीत. आमच्या संत गोरोबाकाका कुंभारांच्या गावात मातीच्या परळाला तोड नाही. मातीत पाणी गार राहतं आणि भांड्याचा वास लागत नाही. तुमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही हे मला माहीत आहे, तरी पेढ्याचं पाणी मात्र रोज बदल. जुनं तुळशीला घाल, वाया जाणार नाही. आणि दिवसातून एक जेवण तरी ओलं असू दे. दाणे द्यायचे झाले तर कोमट पाण्यात भिजवून दे.

दूध-पोळीचं. दुधाचा आपल्याकडं तोटा नाही, पण आईचं पिणं सुटल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि हगवण लागते. पोळीनं पोट भरतं, अंगी लागत नाही. मांजर मांसाहारीच आहे, ती त्याची चैन नाही. टॉरिन नावाचा एक घटक त्याला खाण्यातूनच मिळावा लागतो आणि तो मांसात असतो. तो नसेल तर हळूहळू डोळे जातात आणि हृदय सैल पडतं. हे शास्त्रज्ञांना 1970 आणि 80 च्या दशकांत नीट कळलं. त्याआधी किती मांजरं दूध-पोळीवर आंधळी झाली असतील, कोण जाणे.

मला ठाऊक आहे की तुझ्या सासूबाई माळकरी आहेत. मीही माळकरी आहे. मी काय केलं ते सांगते, पटलं तर त्यांना वाचून दाखव. भुऱ्यानंतर आलेल्या मनीसाठी मी परसात एक लहान स्टोव्ह, एक पातेलं आणि एक ताटली वेगळी ठेवली. शेजारची मुलगी पावशेर कोंबडी आणून द्यायची. मीठ-मसाला न घालता उकडायची, हाडं काढायची, हात धुऊन आत यायचं. माळ माझ्या गळ्यात आहे, मनीच्या नाही. तिनं माझं व्रत पाळावं असा हट्ट धरून तिला आजारी पाडणं मला पुण्याचं वाटलं नाही. एवढंही जमत नसेल तर मांजरांसाठी केलेलं पाकिटाचं खाणं आण. खरं तर रोजचा आधार त्याचाच असावा, कारण नुसत्या उकडलेल्या कोंबडीत कॅल्शियम पुरत नाही. पिल्लाचं वेगळं मिळतं, ते घे. कुत्र्याचं स्वस्त पडतं म्हणून आणू नकोस, त्यातलं टॉरिन मांजराला पुरेलच असं नाही.

आपल्या ताटातलं मात्र काहीच नाही. येसराची आमटी, रस्सा, भाजीत बुडवलेली भाकरी, सगळ्यात कांदा-लसूण असतो आणि त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लसूण तर कांद्याहून वाईट.

आता जे सांगते त्याखाली लाल पेनानं रेघ मार. तापाची गोळी, पॅरासिटामॉल, मांजराला कधीच द्यायची नाही. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेऊ शकते. आपलं यकृत ती पचवून बाहेर टाकतं, त्याचं टाकू शकत नाही. "पिल्लाला कणकण वाटतेय, चतकोर गोळी दे" म्हणणारं कुणीतरी गल्लीत भेटणारच. दुसरं, तुमच्या मागच्या घरी शेळ्या आहेत. शेळ्यांवर गोचिडांसाठी जे औषध मारतात, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन वगैरे, त्यातलं उरलेलं पिसवांसाठी मांजराला लावायची पद्धत मी कितीतरी घरांत पाहिली आहे. मांजराला त्यानं थरथर सुटते, झटके येतात. कुत्र्याच्या पिसवांचं औषधही तसंच. बाटलीवर मांजराचं नाव असेल आणि डॉक्टरांनी वजन बघून सांगितलं असेल तरच लावायचं. तिसरं, उंदराचं औषध. विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर विष मांजरातही उतरतं. यार्डाच्या जवळ राहता, तेव्हा पेढ्याला गोदामांकडं जाऊ देऊ नकोस.

आणि तू ब्लाउज शिवतेस. सुई-दोरा उघडा टाकू नकोस. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडं वळलेले असतात, एकदा दोरा जिभेवर आला की तो आतच ओढला जातो आणि आतडी चुणली जातात. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. तसंच डॉक्टरांकडं न्यायचं.

लस आठ आठवड्यांचा झाला की सुरू होते. तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत डोस असतात, रेबीजची बाराव्या आठवड्यानंतर, पुढं डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. जंताचं औषधही विचार. पाच-सहा महिन्यांचा झाला की नसबंदीचं ऑपरेशन करून घे. "मुका जीव, कशाला त्याचं वाटोळं करायचं" असं सासूबाई म्हणतील. न केलेला बोका रात्र-रात्र भटकतो, भांडतो, चावे घेऊन येतो, त्या जखमा आतून पिकतात, आणि एक दिवस रस्त्यावर गाडीखाली सापडतो. पेढ्याची आई कशी गेली ते तूच सांगितलंस. आपल्याकडच्या पशुवैद्यकांचा बराचसा दिवस गाई-म्हशींत आणि शेळ्यांत जातो, तरी मांजर नेलं तर बघतात. 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर भिंतीवर लिहून ठेव. मोठं काही निघालं तर लातूर-सोलापूरला दवाखाने आहेत, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं जायची वेळ आली तर खर्चाकडं बघू नकोस, मला फोन कर.

पाटीसाठी जुनं घमेलं चालेल, त्यात वाळू किंवा सुताराकडचा भुसा. शक्य तर दोन ठेव, जेवणापासून लांब, आणि घाण रोजच्या रोज काढ. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माची बाधा होऊ शकते, पण ती विष्ठा एक दिवस तरी पडून राहिल्यावर, लगेच नाही. म्हणून रोज काढली की भीती बरीच कमी होते. पुढंमागं तुला दिवस गेले तर ते काम जावईबापूंकडं दे. तेवढ्यासाठी मांजर घराबाहेर काढायला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. तो चावला किंवा त्यानं ओरबाडलं तर मात्र साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धू आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

तुमचं घर पत्र्याचं आहे. दुपारी बारा ते पाच पेढ्याला मोरीजवळच्या फरशीवर जागा कर, ओलं फडकं पसर. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ऊन लागलंय असं समज. ओल्या हातानं अंग पूस, पंख्याखाली घे आणि डॉक्टरांकडं निघ.

आणि त्याच्याशी खेळ. रोज दोन वेळा, दहा-दहा मिनिटं. काठीला चिंधी बांधून फरशीवरून सरपटव, त्याला धरू दे, चावू दे आणि लगेच जेवायला वाढ. शिकार केली, खाल्लं, अंग चाटलं, झोपलं, हा त्याचा दिवस. तो मोडला की मांजर पडदे फाडतं किंवा नुसतं पडून फुगत जातं. नखांसाठी एका लाकडाला सुतळी घट्ट गुंडाळून उभं कर, म्हणजे सोफा वाचेल. मनी माझ्याकडं बघत डोळे सावकाश मिटायची आणि उघडायची. मीही तसंच करायचे. मग ती येऊन पायाशी बसायची. पेढ्याशी करून बघ, घाई न करता.

तीन परळं कुंभारवाड्यातून आणून रात्रीच पाण्यात भिजत घातलीत. नवी माती पाणी पिते, दोन दिवस तरी भिजायला हवीत. रविवारी तुझे बाबा तेरला येणार आहेत, त्यांच्याकडं पाठवते. एक स्वयंपाकघराबाहेर ठेव, एक खिडकीपाशी, एक तू शिवायला बसतेस तिथं. कशातलं जास्त पितो ते मला कळव.

तुझी,
आत्या